खेळवणारे हात, मोजणारे हात

खोपोली-खालापूरच्या पट्ट्यात एप्रिल उजाडला की सकाळच्या सहाआसनी रिक्षांत एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली मुलंमुली दाटीवाटीने बसलेली दिसतात. गळ्यात ओळखपत्र आणि शिटी, पायांत रबरी चपला, मांडीवर डबा. मुंबई-पुण्याच्या सहली फाटकाशी येण्याआधी या मुलांना उद्यानात हजर व्हायचं असतं. पाळणे रिकामे फिरवून पाहायचे, घसरगुंड्यांवर पाणी सोडायचं, लॉकरच्या किल्ल्या मोजून ताब्यात घ्यायच्या. संध्याकाळी शेवटची बस निघून गेली की भाड्याने दिलेल्या ओल्या कपड्यांचे ढीग मोजायचे, अनामत रकमेचा हिशेब लावायचा आणि मग घरची वाट धरायची.

यांतल्या काहींच्या पिशवीत डब्याशेजारी अंकगणिताचं जाडजूड पुस्तक असतं. जेवणाच्या सुट्टीत भांडारघराच्या सावलीला बसून शेकडेवारी आणि सरासरीची गणितं सुटत असतात. डोळ्यांसमोर एकच चित्र असतं, बँकेची रोख खिडकी.

मनोरंजनाच्या जागी राबणारी ही मुलं बँकेच्या खिडकीपर्यंत कशी पोचतात, सोबत काय घेऊन जातात आणि तिथे गेल्यावर त्यांना काय नव्याने शिकावं लागतं, हे समजून घ्यावं म्हणून मी अशा काही जणांशी बोललो. नावं छापू नयेत असं बहुतेकांनी सांगितलं. त्यामागचं कारण मला अस्वस्थ करणारं वाटलं. आपण आधी ‘पार्कात कामाला’ होतो हे आताच्या सहकाऱ्यांना कळू नये, असं त्यांना वाटतं. ज्या कामाने त्यांना घडवलं तेच काम त्यांना लपवावं लागतं. ते लपवण्यासारखं मुळीच नाही, आणि बँकेच्या खिडकीला आज ज्या गुणांची सर्वांत जास्त गरज आहे ते गुण त्याच कामात घडतात, हे सांगण्यासाठी हा लेख.

खेळवणारी माणसं

गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं, शेजारचं वॉटर किंग्डम १९९८ साली आणि खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली. पण लोकांना खेळवण्याचं काम महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी कोणीतरी चालवत होतं. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर आणि ठाण्याच्या तलावपाळीवर होडी काठाला घट्ट धरून आजीला हात देणारं कोणीतरी होतं. दादरला शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी जलतरण तलावाच्या काठावर शिटी घेऊन कोणीतरी उभं होतं. जिमखान्यांत टेनिस आणि बिलियर्ड्सचे मार्कर होते. आता त्यांत गेम झोन, ट्रॅम्पोलिन आणि टर्फची भर पडली आहे. यांतली बरीचशी भरती ठेकेदारामार्फत होते. पगार बेताचा, साप्ताहिक सुट्टी मधल्या वारी आणि पाऊस लांबला की कामाचे दिवस कमी.

मला भेटलेल्यांपैकी एका मुलीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. ती खालापूर तालुक्यातल्या एका गावची. बारावीनंतर सुट्टीपुरतं म्हणून एका जलउद्यानात लागली आणि वाणिज्य शाखेची पदवी हाती येईपर्यंत तिथेच राहिली. सुरुवातीला लॉकरवर, मग घसरगुंडीच्या माथ्यावर आणि शेवटी प्रशिक्षण घेऊन तलावाच्या काठावर जीवरक्षक. आज ती एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत रोखपाल आहे.

घसरगुंडीच्या माथ्यावरचं काम खालून पाहणाऱ्याला सोपं वाटतं. येईल त्याला बसवायचं आणि सोडायचं. प्रत्यक्षात तिथे क्रम ठरलेला असतो आणि तो दिवसभरात एकदाही चुकवून चालत नाही. घड्याळ, चष्मा, साखळी काढायला लावायची. आडवं झोपवून हात छातीवर घ्यायला सांगायचे. खालच्या तळ्यातून आधीचा माणूस बाहेर पडल्याची खूण मिळेपर्यंत पुढच्याला हाताने अडवून धरायचं. मागे जिन्यावर रांग ओरडत असते, ऊन तळपत असतं, पण खूण आल्याखेरीज हात बाजूला होत नाही.

सर्वांत अवघड जागा उंचीच्या पट्टीची. चिमुरडं पट्टीच्या दोन बोटं खाली भरतं. बाबा चिडतात, आई विनवण्या करते, मूल भोकाड पसरतं, आणि तिकिटाचे पैसे मोजलेले असतात. ती सांगते, की अशा वेळी आवाज चढवला तर खेळ संपलाच. पट्टीकडे बोट दाखवायचं, नियम एका वाक्यात सांगायचा आणि लगेच त्या मुलाच्या हाताला धरून त्याला चालेल असा दुसरा खेळ दाखवायचा. नकार देताना समोरच्याच्या हातात काहीतरी ठेवायचं, हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. त्या पट्टीने शिकवलं.

परीक्षेची खिंड

अमेरिकेत मनोरंजन केंद्रातला मदतनीस आणि बँकेतला टेलर या दोन्ही कामांसाठी साधारणपणे शालेय शिक्षण आणि कामावरचं थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण पुरतं. तिथे उन्हाळ्यात तरणतलावावर काम केलेलं पोर पुढे बँकेच्या खिडकीत बसलं तर कोणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे या दोन कामांच्या मधे परीक्षेची खिंड आहे.

सार्वजनिक बँकांची लिपिक भरती आयबीपीएस या संस्थेमार्फत होते, स्टेट बँक आपली परीक्षा वेगळी घेते. आयबीपीएससाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि वय २० ते २८, राखीव प्रवर्गांना सवलत. पूर्वपरीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न, इंग्रजी ३०, अंकगणित ३५ आणि बुद्धिमापन ३५. प्रत्येक भागाला २० मिनिटं आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. त्यानंतर मुख्य परीक्षा. राज्याची भाषा लिहिता-वाचता-बोलता येणं बंधनकारक. मुलाखत नाही. लिपिक हे पद आता ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ या नावाने ओळखलं जातं. बाराव्या द्विपक्षीय करारानुसार त्याचं मूळ वेतन २४,०५० रुपयांपासून सुरू होतं आणि त्यावर महागाई भत्ता, घरभाडं असं मिळतं. ठेकेदाराकडच्या बेभरवशाच्या पगारावर घर ओढणाऱ्या मुलीला हा आकडा म्हणजे आईवडिलांचं औषधपाणी आणि धाकट्याची फी.

ग्रामीण मुलांना या परीक्षेने दीर्घकाळ अडवलं ते भाषेने. सप्टेंबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने लिपिक भरतीची पूर्व आणि मुख्य परीक्षा इंग्रजी-हिंदीबरोबर १३ प्रादेशिक भाषांत घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांत मराठी आणि कोकणीही आहे. इंग्रजीचा भाग तरीही राहिलाच, पण गणित आणि बुद्धिमापनाचे प्रश्न आपल्या भाषेत वाचायची सोय झाली. खालापूरच्या या मुलीने हा फरक अगदी नेमका सांगितला. रेल्वेच्या वेगाचं गणित तिला येत होतं, पण इंग्रजी प्रश्न वाचून उमगेपर्यंत वेळ निघून जायचा. प्रश्न मराठीत आला आणि तो वेळ वाचला.

तरीही एक गोष्ट खटकत राहते. ही परीक्षा वेग मोजते, गणित मोजते, तर्क मोजते. चिडलेल्या माणसासमोर थंड राहणं, शंभराव्या माणसालाही पहिल्याइतक्याच काळजीने तपासणं, दिवसाअखेर हिशेब लागेपर्यंत जागा न सोडणं या गोष्टी तिथे मोजल्या जात नाहीत. जलउद्यानातल्या उन्हाळ्यांना त्या गुणपत्रिकेत एकही गुण नाही.

इथे बँकांचा एक जुना, चांगला वारसा आठवतो. खेळाडूंना आधार देण्यात बँका कधी मागे राहिल्या नाहीत. इंग्लंड आणि वेस्ट इंडीजला त्यांच्या भूमीवर हरवणारे कर्णधार अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. मुंबईच्या टाइम्स शिल्ड स्पर्धेत बँकांचे संघ वर्षानुवर्षं मैदान गाजवत आले. कबड्डी, खो-खो, कॅरममधल्या कितीतरी मराठी खेळाडूंच्या घरची चूल बँकेच्या पगारावर पेटली. खेळणाऱ्याची कदर बँकेने केली. लोकांना सुखरूप खेळवणाऱ्याची कदर करायची मात्र राहून गेली.

काचेच्या आत

जुन्या बँकेत पैसे काढायला गेलेल्या माणसाला धनादेश देऊन पितळी टोकन घ्यावं लागे. लेजरमध्ये नोंद व्हायची, अधिकाऱ्याची सही व्हायची आणि मग रोखपाल टोकनचा आकडा पुकारायचा. मधल्या वेळात माणूस बाकावर बसून वर्तमानपत्र वाचून काढायचा. संगणक आले, ‘सिंगल विंडो’ आली आणि नोंद, पडताळणी, रोख देणं-घेणं ही सगळी कामं एका खुर्चीवर येऊन बसली. आजचा टेलर एका वेळी समोरच्याचा चेहरा, स्लिपवरची सही, पडद्यावरची शिल्लक आणि हातातल्या नोटा अशा चार गोष्टींवर नजर ठेवतो.

खालापूरच्या त्या मुलीच्या शाखेत मी सकाळी रोख उघडताना पाहिली. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक रोखपालाकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. दिवसाची रोख मोजून घेतली, सही झाली आणि ती खिडकीत बसली.

पहिलाच ग्राहक किराणा दुकानदार. पाचशेच्या नोटांचा गठ्ठा, वर रबर. तिने रबर काढलं, नोटा टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या आणि यंत्रात टाकण्याआधी एकदा हातानेच सरकवत नेल्या. अंगठ्याखालून नोट पळत होती, पण डोळा प्रत्येक नोटेवर थांबत होता. पाचशेच्या नोटेची लांबी १५० मिलिमीटर, रुंदी ६६. मागे लाल किल्ला. दोन्ही कडांना बोटाला जाणवणाऱ्या पाच तिरप्या रेघा, अंधांना नोट ओळखता यावी म्हणून. नोट तिरपी केली की मधला धागा हिरव्याचा निळा होतो. एका नोटेपाशी अंगठा थांबला. तिने ती बाजूला काढली, दिव्याखाली धरली, पुन्हा कडेवरून बोट फिरवलं आणि परत गठ्ठ्यात ठेवली. नोट खरी होती, फक्त धुण्यातून गेली होती. मग गठ्ठा यंत्रात, आकडा जुळला, स्लिपच्या मागे लिहिलेल्या नोटांच्या तपशिलाशी ताळा झाला, शिक्का बसला. दुकानदार गेला. हे सारं दोन-तीन मिनिटांत.

नोट बनावट निघाली तर? ती परत देता येत नाही. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करायची आणि ग्राहकाला पोच द्यायची. एकाच व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा निघाल्या तर महिन्याच्या अहवालातून पोलिसांना कळवायचं, पाच किंवा अधिक निघाल्या तर थेट एफआयआर. आता कल्पना करा, बाजारातून आलेल्या एखाद्या भाजीवालीच्या दिवसभराच्या कमाईत अशी एक नोट निघते. ती बाई गुन्हेगार नाही, फसलेली आहे. तिला पैसे मिळणार नाहीत आणि नोटही मिळणार नाही. उंचीच्या पट्टीपाशी शिकलेली गोष्ट इथे कामाला येते. रोखपाल मुलगी आवाज खाली ठेवते, नियम एका वाक्यात सांगते आणि मग उरलेल्या नोटा त्या बाईसमोर एक-एक धरून खरी नोट कशी ओळखायची ते दाखवते. बाई जाताना रडत असेल, पण अपमानित होऊन जात नाही.

फाटक्या नोटांचंही तसंच. पन्नास रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याहून कमी असेल तर काही नाही. पन्नासच्या आतल्या नोटेला निम्म्याहून जास्त भाग असला की पूर्ण किंमत. उंदराने कुरतडलेल्या नोटा पदरातून सोडून काढणाऱ्या आजीला हे नियम कोणीतरी तिच्या बोलीत समजावून सांगावे लागतात.

आणि संध्याकाळी ताळा. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल, खराब नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी. पडद्यावरचा आकडा आणि पेटीतली रोख जुळेपर्यंत कोणी उठत नाही. कमी पडले तर रोखपालाने भरायचे. जास्त निघाले तर ते वेगळ्या खात्यात जमा करून मालक शोधायचा. सुरुवातीच्या दिवसांत तिच्या हातून शंभराच्या जागी पाचशेची एक नोट गेली आणि संध्याकाळी चारशे रुपये कमी भरले. कोणी परत आणून दिले नाहीत. तिने स्वतःच्या पैशांतून भरले. त्या रात्री झोप लागली नाही असं ती सांगते, पण ताळा लागेपर्यंत बसून राहण्याची सवय तिला नवी नव्हती. ओले कपडे आणि किल्ल्या मोजताना ती आधीच अंगात मुरली होती.

न ओरडणारा माणूस

या लेखाचा गाभा इथे आहे.

पाण्यात बुडणारा माणूस हात वर करून ‘वाचवा’ म्हणून ओरडतो, हे सिनेमातलं चित्र. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्या माणसांचं बारकाईने निरीक्षण केलं आणि सांगितलं, की खरोखर बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. श्वास घेण्यातच त्याची सारी शक्ती जाते. तोंड पाण्यावर येतं आणि परत खाली जातं, हात बाजूला पाणी दाबत राहतात. वीस सेकंद ते मिनिटभरात तो खाली जातो. शेजारी पोहणाऱ्यांनाही कळत नाही. म्हणून काठावरच्या जीवरक्षकाला ‘दहा-वीस’चा नियम शिकवतात. आपल्या वाट्याच्या पाण्यावर दहा सेकंदांत नजर फिरवायची आणि गरज पडली तर पुढच्या वीस सेकंदांत माणसापर्यंत पोचायचं. आरडाओरडा करणाऱ्यांकडे कान असतो, पण डोळा शांत झालेल्याला शोधत असतो.

आता बँकेची खिडकी. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या फसवणुकीने गेल्या काही वर्षांत हजारो घरं हादरवली आहेत. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मधून तिच्याबद्दल देशाला सावध केलं. पद्धत ठरलेली असते. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचं सांगत फोन येतो, तुमच्या नावाने गुन्हा आहे म्हणून धमकावलं जातं, फोन चालूच ठेवायला लावतात, घरच्यांनाही सांगायचं नाही अशी तंबी देतात आणि आयुष्याची पुंजी ‘तपासणीसाठी’ दुसऱ्या खात्यात पाठवायला लावतात. आपल्या कायद्यात अशी कुठलीही अटक नाही. पण घाबरलेल्या निवृत्त माणसाला त्या क्षणी हे आठवत नाही. तो स्वतःच्या पायांनी बँकेत येतो, ठेव मोडतो, आरटीजीएसचा अर्ज भरतो. आणि तो ओरडत नाही. गप्प असतो.

खालापूरच्या त्या मुलीच्या खिडकीत असेच एक निवृत्त गृहस्थ आले. नेहमीचे ग्राहक. एरवी नातवाच्या गोष्टी सांगणारे. त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही. खिशातला फोन चालू होता, त्याच्या पडद्याचा उजेड सदऱ्यातून दिसत होता. ठेव मुदतीआधी का मोडता, हे तिने विचारलं तर उत्तर पाठ केल्यासारखं आलं. दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत विचारलं तर तेच उत्तर, त्याच शब्दांत. तिने फॉर्म हातात धरून ठेवला आणि सहीत फरक वाटतो असं सांगून त्यांना आत व्यवस्थापकांच्या खोलीत बसवलं. कागदावर लिहून विचारलं, की काका, फोनवर कोणी आहे का? त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढचं काम व्यवस्थापकांनी केलं. मुलाला बोलावून घेतलं आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवलं.

तिला विचारलं, की हे सुचलं कसं? ती म्हणाली, की पाण्यात एरवी दंगा करणारं माणूस अचानक गप्प झालं की तिकडे बघायचं, एवढंच तिला शिकवलं होतं.

यंत्र सही जुळवतं, आकडे मोजतं, पासवर्ड तपासतं. ग्राहक स्वतः आला, सही त्याची, ओळखपत्र त्याचं, मग यंत्राच्या लेखी व्यवहार निर्दोष असतो. त्यातली चूक फक्त समोर बसलेल्या माणसालाच दिसू शकते, तीही त्याला बघण्याची सवय असली तर.

जे सोबत येत नाही

सगळंच सोबत येतं असं मात्र नाही. जलउद्यानातून आलेल्यांना बँकेत काही गोष्टी मुळापासून शिकाव्या लागतात.

पहिली, कागदाची शिस्त. तलावाच्या काठावर काम झालं की दिवस संपतो. बँकेत प्रत्येक व्यवहार कोणाच्या लॉगिनमधून झाला ते कायम नोंदलेलं राहतं. पासवर्ड सहकाऱ्याला देणं ही उद्यानात साधी मदत वाटली असती, बँकेत त्याने नोकरी जाऊ शकते. मोठ्या रोख भरण्याला पॅन, केवायसीची मुदत, संशयास्पद व्यवहार वर कळवणं हे सारं डोक्यात पक्कं बसवावं लागतं. पुण्याच्या एका तरणतलावावर काम करून पतसंस्थेत रोखपाल झालेल्या एका तरुणाने सांगितलं, की त्याला पहिले सहा महिने नोटांपेक्षा कागदांचीच भीती वाटत होती.

दुसरी, ओळखीच्या माणसाला नियम लावणं. उद्यानात येणारा माणूस एका दिवसाचा पाहुणा. बँकेत गावचा सरपंच, शाळेतले गुरुजी, चुलत मामा हेच ग्राहक. ‘आपलीच पोर आहे’ म्हणत ते सहीशिवाय पैसे मागतात. परक्याला नकार देणं सोपं, मामाला देणं अवघड.

तिसरी, शरीर. दिवसभर उन्हात धावणाऱ्या देहाला खुर्चीत बांधून घालावं लागतं. मान, मनगट, डोळे कुरकुरतात.

मिळतं तेही मोठं आहे. उद्यानांना गर्दी सणासुदीला आणि शनिवार-रविवारी. लोकांची सुट्टी ती यांची सर्वांत मोठी पाळी. बँकेला रविवार आहे, सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवारही आहे. खालापूरच्या त्या मुलीची आई सांगत होती, की लेक नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच लक्ष्मीपूजन आणि पाडवा असे दोन्ही दिवस घरी होती.

खिडकी उरणार का?

ज्या खिडकीसाठी ही मुलं जिवाचं रान करतात ती पुढे राहणार का, हा प्रश्न टाळता येणार नाही. देशातलं पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईत एचएसबीसीने बसवलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातल्या यूपीआय व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींच्या पुढे गेली. भाजीच्या गाड्यावर क्यूआर कोड लटकतो. नोटा घेणारी आणि देणारी यंत्रं शाखांत आली आहेत. गावोगाव बँकमित्र बसले आहेत.

पण रोकड संपलेली नाही. नोटाबंदीच्या वेळी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, चलनात सुमारे १८ लाख कोटी रुपये होते. मार्च २०२५ पर्यंत तो आकडा दुपटीच्या पुढे गेला. अमेरिकेचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. अर्थतज्ज्ञ जेम्स बेसन यांनी दाखवून दिलं, की एटीएम आल्यावर एका शाखेला लागणारे टेलर कमी झाले, पण शाखा चालवणं स्वस्त झाल्याने शाखा वाढल्या आणि टेलरांची एकूण संख्या कित्येक वर्षं घटली नाही. काम मात्र बदललं. पैसे मोजणारा माणूस लोकांशी बोलणारा झाला. आता मोबाइल बँकिंगमुळे तिथेही टेलरांची संख्या उतरणीला लागली आहे. आपल्याकडे नोकऱ्यांची संख्या वाढेल असं आश्वासन कोणी देऊ नये.

काय उरेल, याचा अंदाज मात्र खिडकीसमोर तासभर उभं राहिलं तरी येतो. दहा तारखेच्या आत पेन्शनसाठी येणारे, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला येणारे, अंगठा उठत नाही म्हणून गोंधळलेले शेतमजूर, पासबुकावर छापलेली ओळ पाहिल्याशिवाय ज्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही अशा बाया. यांना यंत्राकडे बोट दाखवून चालत नाही. त्यांच्यासाठी खिडकीत माणूस लागतो.

म्हणूनच एका गोष्टीची चीड येते. अशा माणसाला आज विम्याची आणि कार्डांची लक्ष्यं दिली जातात. ज्या मुलीने समोरच्याचं गप्प होणं ओळखून एका कुटुंबाची पुंजी वाचवली, तिच्या कामाचा लेखाजोखा तिने किती विमा खपवला यावर होणार असेल, तर बँक तिचा सर्वांत मोलाचा गुण वाया घालवते आहे.

मागणं

खेळवण्याच्या कामात असलेल्या आणि बँकेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. काम सोडताना ठेकेदाराकडून सेवेचा दाखला लेखी मागून घ्या. पीएफचा यूएएन क्रमांक जपून ठेवा. जीवरक्षकाचं किंवा प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र घ्यायची संधी मिळाली तर सोडू नका. सार्वजनिक बँकांच्या लिपिक भरतीत मुलाखत नाही, पण नागरी सहकारी बँका, पतसंस्था आणि खासगी बँकांत असते. तिथे ‘पार्कात होतो’ हे मान खाली घालून सांगू नका. रोज किती माणसांची रांग सांभाळत होतात, किती अनामत रकमेचा ताळा लावत होतात, संकटाच्या वेळी काय केलंत, ते सविस्तर सांगा.

सहकारी बँकांच्या संचालकांना विनंती आहे. मुलाखतीत या अनुभवाला गुण द्या. तुमचा ग्राहक गावातला आहे, वयस्कर आहे, आणि तुमची खरी ताकद ओळखीचा चेहरा हीच आहे. सार्वजनिक बँकांनी नव्या रोखपालांच्या प्रशिक्षणात नोटा ओळखण्याइतकाच वेळ माणसं ओळखण्याला द्यावा, आणि फसवणूक रोखणाऱ्या कर्मचाऱ्याची नोंद त्याच्या सेवापुस्तिकेत करावी.

आणि आईवडिलांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. या मुलीच्या लग्नाच्या परिचयपत्रात बँकेची नोकरी ठळक अक्षरांत आहे आणि जलउद्यानातली वर्षं कोरी आहेत. घरच्यांना वाटलं, की ते काम लिहिलं तर स्थळं मागे फिरतील. ती वर्षं लिहा. त्या वर्षांत तुमच्या मुलीने परक्यांची मुलं पाण्यातून सुखरूप बाहेर काढून त्यांच्या आईवडिलांच्या हवाली केली आहेत. आज लोक तिच्या हाती आपली पुंजी विश्वासाने सोपवतात, तो विश्वास तिने तिथेच कमावला.